कात्री तीच, चित्रपट दुसरा

माहितीपर वाचन · पातळी ५

वाचण्याआधी

तुम्हाला आवडलेला एखादा चित्रपट आठवा, ज्यातला एक भाग मात्र तुम्हाला अजिबात पटला नाही. तो भाग का खटकला, ते एका वाक्यात वहीत लिहून ठेवा. धड्याच्या शेवटी हे वाक्य आपल्याला लागणार आहे.

१. "हा भाग नसता तर…"

चित्रपट संपल्यावर घरी परतताना आपण काय बोलतो? "मधला भाग फारच लांबवला." "तो विनोदी माणूस नसता तर बरं झालं असतं." "शेवट उगाच गोड केला." बहुतेक लोक एवढं बोलतात आणि विसरून जातात. काही जण मात्र तो भाग खरोखरच कापून बघतात. चाहत्यानं हौसेनं, स्वतःच्या समजुतीप्रमाणे पुन्हा संकलित केलेल्या चित्रपटाला 'फॅन एडिट' म्हणतात. संकलन म्हणजे चित्रपटाचे तुकडे निवडणं, कापणं आणि योग्य क्रमानं जोडणं.

असे प्रयोग विज्ञानपटांवर फार होतात. त्याला कारणही आहे. विज्ञानपटाला एक अख्खं नवं जग समजावून सांगायचं असतं: तिथे राज्य कुणाचं, यंत्रं कशी चालतात, भांडण कशावरून पेटलं. कमी सांगितलं तर गोष्ट कळत नाही, जास्त सांगितलं तर जांभया येतात. हे प्रमाण चुकलं की उत्तम कल्पना असलेला चित्रपटही फसतो. पण कल्पना उत्तम असल्यामुळे चाहत्यांना तो सोडवत नाही!

२. हॅम्बर्गचं टेबल

तुमच्यापैकी जे हॅम्बर्गमध्ये राहतात, त्यांच्या शहराचं नाव जगभरातल्या संकलकांना माहीत आहे. विल्हेल्म स्टीनबेक यांनी १९३१ मध्ये इथे एक कंपनी सुरू केली. पुढे या कंपनीचं संकलनाचं टेबल इतकं प्रसिद्ध झालं की लोक त्या टेबलालाच 'स्टीनबेक' म्हणू लागले.

या टेबलावर फिल्मची रिळं गोल चकत्यांवर आडवी ठेवतात. समोर एक छोटा पडदा असतो. चित्राची पट्टी वेगळी आणि आवाजाची वेगळी, पण दोन्ही एकाच वेगानं धावतात. संकलक फिल्म पुढे-मागे करून बघतो, हवी तिथे थांबवतो, कापतो आणि चिकटपट्टीनं जोडतो. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. आज आपण तिला एफटीआयआय म्हणतो. तिथल्या विद्यार्थ्यांनीही हॅम्बर्गच्या या टेबलावर संकलनाचे धडे गिरवले.

त्या काळी प्रेक्षकाला असं टेबल मिळणं शक्यच नव्हतं. टेबल महाग, फिल्म त्याहून महाग. मग संगणक आले आणि टेबलाचं सगळं काम घरच्या लॅपटॉपवर होऊ लागलं. प्रेक्षकाच्या हातात पहिल्यांदाच कात्री आली.

३. कापल्यानं नक्की काय बदलतं?

रशियातले लेव्ह कुलेशॉव यांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. एका नटाचा शांत चेहरा त्यांनी तीन वेगवेगळ्या चित्रांशी जोडला: सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री. चेहरा तिन्ही वेळा तोच होता. तरी बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, तर कधी प्रेम.

म्हणजे अर्थ फक्त चित्रात नसतो. दोन चित्रांच्या जोडणीतही असतो. म्हणूनच नवं काहीही न चित्रित करता, आहे तेच वेगळं जोडून, चित्रपट बदलता येतो.

४. सुधारण्याच्या चार रीती

पहिली रीत: छाटणी. 'स्टार वॉर्स'चा 'द फँटम मेनेस' हा भाग १९९९ मध्ये आला. जार जार बिंक्स या विदूषकी पात्रावर आणि लहानग्या अॅनाकिनच्या संवादांवर बरेच चाहते नाराज होते. थोड्याच काळात 'द फँटम एडिट' नावाची एक प्रत हातोहात फिरू लागली. ती माइक निकोल्स या व्यावसायिक संकलकानं केली होती, हे नंतर कळलं. त्यानं सुमारे वीस मिनिटं कमी केली. जार जारचा धसमुसळेपणा बराच छाटला आणि अॅनाकिनचे बालिश उद्गारही उडवले. विनोद कमी झाला की प्रसंगातलं संकट जास्त खरं वाटतं. पात्रं तीच राहतात, पण आपण त्यांना गंभीरपणे घेऊ लागतो.

दुसरी रीत: गप्प बसवणं. इथे उदाहरण फॅन एडिटचं नाही, पण ही रीत त्यातून नीट कळते. 'ब्लेड रनर' (१९८२) पाहून सुरुवातीच्या प्रेक्षकांचा गोंधळ उडाला. म्हणून निर्मात्यांनी नायकाच्या आवाजात निवेदन घातलं आणि शेवटही सुखाचा केला. त्या शेवटातली डोंगररस्त्यांची दृश्यं 'द शायनिंग' या दुसऱ्याच चित्रपटाच्या उरलेल्या फिल्ममधून घेतली होती! पुढे एक जुनी कच्ची प्रत लॉस एंजेलिसमध्ये दाखवली गेली आणि ती लोकांना फार आवडली. मग १९९२ च्या आवृत्तीतून निवेदन आणि तो शेवट, दोन्ही गेले. पडद्यावर पाऊस आणि एकटा माणूस दिसत असताना "मी एकटा आहे" असं कानात सांगावं लागत नाही.

तिसरी रीत: परत आणणं. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही जाडजूड कादंबरी १९६५ ची. डेव्हिड लिंच यांच्या १९८४ च्या चित्रपटात ती अवघ्या सव्वादोन तासांत कोंबली गेली. घाईघाईत पात्रांच्या मनातले विचार कुजबुजून ऐकवावे लागले. १९८८ मध्ये टीव्हीसाठी लांब आवृत्ती निघाली, पण लिंच यांनी तिच्यावरचं आपलं नावच काढून घेतलं. पुढे 'स्पाइसडायव्हर' या टोपणनावाच्या चाहत्यानं दोन्ही आवृत्त्या आणि वगळलेले प्रसंग एकत्र करून जवळपास तीन तासांचा चित्रपट जुळवला. इथे सुधारणा कापून झाली नाही, गोष्टीला श्वास घ्यायला जागा देऊन झाली.

चौथी रीत: मूळ रूप शोधणं. पहिला 'स्टार वॉर्स' १९७७ चा. जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये त्यात संगणकावर केलेली नवी दृश्यं घातली आणि यापुढे हेच खरं रूप असं ठरवलं. चेक प्रजासत्ताकातल्या 'हार्मी' नावानं ओळखल्या जाणाऱ्या चाहत्याला १९७७ चं रूप हवं होतं. त्यानं निरनिराळ्या प्रतींतून तुकडे गोळा केले, रंग जुळवले आणि जुना चित्रपट पुन्हा उभा केला.

५. डोळ्यांपेक्षा कान अवघड

तुम्हाला वाटेल, कापायला काय लागतं? चित्र कापणं खरंच सोपं आहे. अडचण येते आवाजाची. संवादाच्या मागे संगीत चालू असतं. मधलं एक वाक्य काढलं की संगीतही तिथे उडी मारतं आणि कान लगेच चोरी पकडतो.

यावर चाहते एक युक्ती करतात. अनेक चित्रपटांचा आवाज पाच-सहा वेगळ्या वाहिन्यांत नोंदवलेला असतो. संवाद बहुतेक मधल्या वाहिनीत असतात, संगीत बाजूच्या वाहिन्यांत. नको असलेल्या वाक्यापुरती मधली वाहिनी बंद केली, की वाक्य जातं आणि संगीत अखंड राहतं. दुसरी युक्ती म्हणजे पुढच्या प्रसंगाचा आवाज थोडा आधी सुरू करायचा. कान पुढे गेलेला असतो, म्हणून डोळ्याला सांधा दिसत नाही.

६. हीच कात्री घातही करते

हॅम्बर्गमध्ये क्लाइने थिएटरश्ट्रासे या रस्त्यावर 'मेट्रोपोलिस' नावाचं चित्रपटगृह आहे. १९७९ पासून तिथे जुने आणि वेगळे चित्रपट दाखवतात. याच नावाचा एक जर्मन विज्ञानपट आहे आणि त्याची कहाणी आपल्या विषयाची दुसरी बाजू दाखवते.

फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी सुमारे अडीच तास. पटकथा थेआ फॉन हार्बो यांची. (पुढे मराठी पत्रकार आयी तेंडुलकर हे त्यांचे पती झाले.) चित्रपट लांब आहे, गुंतागुंतीचा आहे, अशी तक्रार झाली. अमेरिकेतल्या वितरकांनी तो भरपूर कापला. जर्मनीतही त्याची आखूड आवृत्तीच पुढे चालली.

त्यात काय गेलं, ते बघा. गोष्टीतला शास्त्रज्ञ रोटवांग यंत्रमानव बनवतो, कारण हेल नावाची त्याची लाडकी स्त्री मरण पावलेली असते आणि तिला त्याला परत आणायचं असतं. अमेरिकी आवृत्तीतून हेल पूर्णपणे काढून टाकली. तिचं नाव इंग्रजीतल्या 'नरक' या शब्दासारखं ऐकू येतं, हे त्याचं एक कारण. पण हेल गेली आणि रोटवांगचं दुःखही गेलं. उरला फक्त एक वेडा शास्त्रज्ञ. नंतर लोकच म्हणू लागले, "दिसायला सुंदर आहे, पण कथेला अर्थ नाही!" अर्थ होता. तो कापून जमिनीवर पडला होता.

पहिल्या दिवशीचा पूर्ण चित्रपट जवळजवळ ऐंशी वर्षं कुणालाच पाहता आला नाही. मग २००८ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात ओरखडे पडलेली एक लांब प्रत सापडली. तिच्यावरून सुमारे २५ मिनिटं परत मिळाली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनला जवळपास पूर्ण 'मेट्रोपोलिस' दाखवला गेला.

आपल्याकडेही असं नुकसान झालं आहे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची चार रिळं होती. आज त्याचा काही भागच शिल्लक आहे.

आता फरक लक्षात घ्या. 'फँटम एडिट' तुम्हाला आवडलं नाही, तर तुम्ही मूळ चित्रपट लावू शकता. 'मेट्रोपोलिस'च्या प्रेक्षकाला ती सोय नव्हती. म्हणून फॅन एडिटचा पहिला नियम असा: कापा, जोडा, उलटसुलट करा, पण मूळ प्रतीला हात लावू नका. मूळ शाबूत असेल तर नवं संकलन म्हणजे फक्त एक मत असतं. मूळच नाहीसं झालं तर तेच मत सगळ्यांवर लादलं जातं.

७. दोन सेकंदांचा खटला

दुसऱ्याच्या कलाकृतीचा तुकडा वापरायचा हक्क आपल्याला आहे का? जर्मनीतला या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला खटला हॅम्बर्गच्या न्यायालयात उभा राहिला. तो चित्रपटाचा नव्हता, गाण्याचा होता. 'क्राफ्टवेर्क' या वाद्यवृंदाच्या १९७७ च्या एका रचनेतला दोन सेकंदांचा ताल मोझेस पेलहाम यांनी १९९७ मध्ये एका नव्या गाण्यात वापरला. हॅम्बर्गच्या न्यायालयानं २००४ मध्ये क्राफ्टवेर्कच्या बाजूनं निकाल दिला. त्यानंतर खटला वरच्या न्यायालयांत गेला, युरोपीय न्यायालयात गेला आणि परतही आला.

मधल्या काळात कायदा बदलला. जून २०२१ पासून जर्मनीत विडंबन आणि 'पास्टिश' यांना परवानगी मिळाली. पास्टिश म्हणजे जुन्या कलाकृतीशी उघडपणे नातं सांगणारी नवी कलाकृती. हॅम्बर्गच्याच वरिष्ठ न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं, की नव्या कायद्यानंतरचा असा वापर चालेल. तरी वाद मिटला नाही. पास्टिशची हद्द नेमकी कुठे संपते, हा प्रश्न २०२३ मध्ये पुन्हा युरोपीय न्यायालयाकडे पाठवला गेला.

दोन सेकंदांवर एवढा वाद, तर दोन तासांचं काय? म्हणून स्वतःला सांभाळा. डिस्कवरचं संरक्षणाचं कुलूप फोडायला जर्मनीचा कायदा परवानगी देत नाही. दुसऱ्याचा अख्खा चित्रपट नव्यानं कापून इंटरनेटवर टाकणं तर अजिबात नको.

८. आता तुम्ही

सराव मात्र जरूर करा, आपल्याच व्हिडिओवर. गणपतीच्या आरतीचा, सहलीचा किंवा आजीच्या वाढदिवसाचा एखादा दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. आधी त्याची प्रत काढा आणि मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवा. मग प्रतीतून तीन मिनिटांची गोष्ट करा. प्रत्येक तुकडा कापण्याआधी स्वतःला विचारा: "हा गेला तर कुणाचं काय जाईल?" आजीला नाव आठवेना म्हणून ती क्षणभर थांबली, तो तुकडा कंटाळवाणा वाटेल. कदाचित तीच तुमच्या गोष्टीतली हेल असेल.

शब्दांची ओळख

संकलक: चित्रपटाचे तुकडे निवडून जोडणारा
खटकणे: मनाला न पटणे
छाटणी: नको तो भाग कमी करणे
निवेदन: पडद्यावरच्या दृश्यासोबत ऐकू येणारं सांगणं
सांधा: दोन तुकडे जिथे जोडले जातात ती जागा
शाबूत: न मोडता, जसंच्या तसं राहिलेलं

विचार करा आणि लिहा

१. कुलेशॉव यांच्या प्रयोगात चेहरा तोच असून लोकांना वेगळं का दिसलं?
२. हेल हे पात्र काढल्यामुळे रोटवांगच्या वागण्याचा अर्थ कसा बदलला?
३. 'फँटम एडिट' आणि 'मेट्रोपोलिस'ची कापलेली आवृत्ती यांत सर्वांत महत्त्वाचा फरक कोणता?
४. सुरुवातीला वहीत लिहिलेलं वाक्य काढा. तुम्हाला खटकलेला भाग सुधारायला चारपैकी कोणती रीत वापराल? तो भाग काढल्यानं चित्रपटाचं काय नुकसान होईल, तेही आठ-दहा ओळींत लिहा.