काजळीचा धडा
असोद्यात चुलीवरच्या स्टीलच्या पातेल्याची एक बाजू घासून चकचकीत करा, दुसरीवर काजळी राहू द्या. आत उकळते पाणी एकच. पण इन्फ्रारेड कॅमेऱ्यात काळी बाजू तापलेली दिसते, चकचकीत बाजू कोमट. कारण कॅमेरा तापमान नव्हे, प्रारण मोजतो. चकचकीत धातू स्वतःचे प्रारण थोडेच सोडतो, भोवतालचे परावर्तित करतो.

टर्बाइनच्या पात्याची चाचणी घेताना म्हणूनच त्याला काळा रंग देतात, पृष्ठभागात थर्मोकपल बसवतात आणि चाचणीच्याच खिडकीतून, त्याच कोनातून कॅमेऱ्याचे आकडे त्याच्याशी जुळवतात. वायू आणि पाते यांच्यात 20 अंशांचा फरक असताना 2 अंश चुकले, तर उष्णता संक्रमणाचा गुणांक साधारण 10 टक्क्यांनी चुकतो. पात्याला किती गार हवा द्यायची, हे त्यावरच ठरते. ती कमी पडली, तर पाते अकाली तडकते.