आईपण, दिनक्रम आणि सर्जनशील लेखन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• श्रम, वेळ आणि वाङ्मयप्रकार यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• मराठीतील तीन लेखिकांच्या निर्मितिप्रक्रियेतील भेद सांगता येतील.
• स्वतःच्या दिनक्रमात लेखनासाठी जागा निश्चित करता येईल.

प्रास्ताविक

'मुले मोठी झाली की लिहीन' हे वाक्य आपण ऐकले असेल. कदाचित मनाशी म्हटलेही असेल. या विधानामागे एक गृहीतक आहे : लेखनाला सलग, निवांत वेळ लागतो आणि आईला तो नसतो. विधानाचा उत्तरार्ध बहुतांशी खरा आहे. पूर्वार्ध मात्र तपासून पाहायला हवा. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लेखिकेला स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न हवे, असे प्रतिपादन केले. ती मागणी आजही न्याय्य आहे. तथापि ज्यांना खोली मिळाली नाही, अशा स्त्रियांनी मराठीत काय निर्माण केले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, हे पाहणे आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

विषय-विवेचन

१. ओवी : श्रमाशी जुळलेला रचनाबंध

जात्यावरची ओवी लहान असते, स्वतःत पूर्ण असते आणि दळणाच्या लयीवर चालते. मूल रडले, चुलीवर दूध उतू आले, तर गाणारी उठू शकते. परतल्यावर पुढची ओवी सुरू होते. मागचे काही तुटत नाही. म्हणजेच व्यत्यय गृहीत धरूनच हा प्रकार घडला आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या संग्रहित केल्या; पुढे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. 'वेळ नाही' या परिस्थितीतून केवढी निर्मिती होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

२. तीन लेखिका, तीन वाटा

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. तीन मुलांना वाढवताना, शेतात आणि घरात राबताना त्यांनी रचना केल्या. पुत्र सोपानदेव व आप्तांनी त्यांतील काही टिपून ठेवल्या. म्हणूनच १९५२ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध होऊ शकला. जे टिपले गेले नाही, ते हरपले.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्या लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. बोलीचा सहज ओघ आणि घरगुती तपशील हेच या ग्रंथाचे सामर्थ्य ठरले. 'प्रमाण भाषा जमत नाही' म्हणून थांबलेल्या विद्यार्थिनीने हे ध्यानात घ्यावे.

बेबी कांबळे (१९२९–२०१२) फलटणला दुकान सांभाळत लिहीत. पुड्या बांधण्यासाठी आलेली वृत्तपत्रे त्या वाचत आणि लिहिलेल्या वह्या घरच्यांच्या भीतीने अनेक वर्षे लपवून ठेवत. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. येथे अडचण केवळ वेळेची नव्हती, संमतीची होती.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हेच दिसते. टोनी मॉरिसन नोकरी करीत, दोन मुलगे एकटीने वाढवीत पहाटे लिहीत. ॲलिस मन्‍रो मुले झोपली असता लिहीत. मन्‍रो यांनी कथा हाच प्रकार जोपासला, त्यामागे वेळेची ही मर्यादाही होती.

३. लासलगावचा दिनक्रम : एक विचार

लासलगाव परिसरातील शेतकरी कुटुंबात वर्ष कांद्याभोवती फिरते. लागणीच्या आणि काढणीच्या दिवसांत आईला बसायला उसंत नसते. उन्हाळ कांदा एकदा चाळीत भरला की कामाची घाई थोडी ओसरते. तेव्हा 'रोज एक तास लिहा' हा सल्ला अशा घरात निरुपयोगी होय. त्याऐवजी लेखनाची दोन कामे वेगळी करावीत. घाईच्या हंगामात फक्त टिपणे : एक शब्द, ऐकलेले एक वाक्य, मुलाने विचारलेला एक प्रश्न. उसंतीच्या हंगामात त्या टिपणांची मांडणी. टिपणाला दोन मिनिटे पुरतात. मांडणीला बैठक लागते. ही दोन्ही कामे एकाच वेळी करू पाहिल्याने बहुतेकींचे लेखन सुरूच होत नाही.

साठा आपल्याजवळ आहेच. 'उळे', 'रांगडा', 'गोल्टी', 'चाळ' हे शब्द आपण रोज वापरता; शहरातील लेखकाला ते शोधावे लागतात. शिवाय मूल बोलायला शिकते, तेव्हा ते नवे शब्द घडवते, नियम चुकीच्या जागी लावते. भाषेचा असा जवळचा साक्षीदार आईइतका दुसरा क्वचितच असतो. मात्र ही बोली मुलासोबत बदलत जाते. दोन वर्षांनी ती आठवत नाही. 'नंतर लिहीन' यातील खरे नुकसान हे आहे.

४. वेळेची वाटणी

एक धोका येथे नमूद करणे आवश्यक आहे. वरील उदाहरणांवरून 'स्त्रीने आणखी पहाटे उठावे' असा निष्कर्ष काढू नये. बहिणाबाईंच्या रचना टिकल्या, कारण त्या ऐकून टिपणारे कोणी होते. घरातील एका व्यक्तीने आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाक आणि मुले यांची जबाबदारी घेणे, ही लेखनाला दिलेली प्रत्यक्ष मदत होय. ती उपकार म्हणून नव्हे, वाटणी म्हणून मागावी.

सारांश

लेखनप्रकार आणि उपलब्ध वेळ यांचा निकटचा संबंध असतो. तुटक वेळेतही टिपण, ओवी, लघुकथा, आठवण हे प्रकार फुलू शकतात. परंतु निर्मिती टिकण्यासाठी नोंद आणि कुटुंबाची साथ दोन्ही लागतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ओवीचा रचनाबंध व्यत्ययाला कसा सामावून घेतो?
२. बहिणाबाई चौधरी आणि बेबी कांबळे यांच्यापुढील अडचणींत कोणता फरक होता?

क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध स्त्रीकडून तिला आठवणाऱ्या पाच ओव्या तिच्याच उच्चारांनुसार लिहून घ्या. त्या ती केव्हा, कोणते काम करताना म्हणत असे, तेही नोंदवा. त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर महिनाभर स्वतःची टिपणे लिहा.