सायकलचा आरसा

आमचे अण्णा रोज सकाळी सायकलवर दूध घेऊन अंबडला जातात. मागून गाडी आली का म्हणून मान वळवली, की हँडल पण वळते अन् सायकल रस्त्याच्या मधे जाते. मागच्या पावसाळ्यात असाच एक ट्रक अगदी चिटकून गेला. अण्णा पडले, सगळे दूध सांडले. म्हणून मी आरसा बसवायचे ठरवले.

आपण डाव्या कडेने जातो. गाड्या उजवीकडून पुढे निघतात. म्हणून आरसा उजव्या मुठीजवळ पाहिजे.

आधी मी दाढीचा सपाट आरसा तारेने बांधला. त्यात अण्णांचा खांदा अन् थोडासाच रस्ता दिसला. मग गुरुजींनी चमच्याची पाठ दाखवली. तिच्यात सगळा वर्ग दिसला, पण लहान लहान. अशा फुगीर आरशाला बहिर्गोल आरसा म्हणतात. मोटारसायकलला तोच असतो. अण्णांनी भंगारातून तसला जुना आरसा आणला. खाली ट्यूबची पट्टी गुंडाळून तो घट्ट आवळला, म्हणून हादऱ्याने फिरत नाही.

पण मित्रांनो, त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. दिसली की लगेच कडेला व्हावे.

आता अण्णा निघाले की आई दारातून विचारते, "आरसा पुसला का हो?"

– इयत्ता चौथी