वाळ्याचा वंश कोणता?

पावसाळ्यात कुंडीच्या तळातून किंवा मोरीच्या जाळीतून निघणारं वीतभर, काळपट, चकचकीत ‘गांडूळ’ पुष्कळदा गांडूळ नसतंच. तो वाळा असतो. बिनविषारी साप, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या यांवर जगणारा. सापाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द त्याचा वंश सांगतो. वाळ्याचा हा पहिला शब्द दोन शतकांत पुनःपुन्हा बदलला.

१७९६ साली पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा ग्रंथ काढला. त्यात विशाखापट्टणमच्या या सापाचं चित्र आहे आणि सोबत स्थानिक तेलुगू नाव. त्याचा अर्थ, दोन डोक्यांचा साप. रसेल यांनी लॅटिन नाव दिलं नाही. ते फ्रान्सच्या दोदँ यांनी १८०३ मध्ये रसेल यांच्या नोंदीवरून दिलं: एरिक्स ब्रॅमिनस. एरिक्स हा मांडुळाचा वंश! मला या पहिल्या चुकीचं फार अप्रूप वाटतं. मांडुळाची शेपटी बोथट, म्हणून आपण त्याला दुतोंड्या म्हणतो. वाळ्याचीही शेपटी बोथट. विशाखापट्टणमची माणसं आणि पॅरिसचा पंडित बहुधा एकाच शेपटीने चकले.

पुढे वाळा टायफ्लॉप्स वंशात गेला. ग्रीक भाषेत टायफ्लॉस म्हणजे आंधळा. बूलेंजर यांच्या १८९३ च्या सूचीत आणि माल्कम स्मिथ यांच्या १९४३ च्या ग्रंथातही तो तिथेच आहे. जगभरचे कितीतरी आंधळे साप तेव्हा या एकाच वंशात कोंबलेले होते. मातीखालच्या जगण्याने सगळ्यांचं अंग सारखंच गोल आणि गुळगुळीत केलं, डोळे खवल्याखाली नेले, पोटाचे खवले पाठीसारखे केले. बाहेरून नातं कळणार कसं?

म्हणून अभ्यासक आत पाहू लागले. १९६६ मध्ये जोन रॉब यांनी नरांच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून ऑस्ट्रेलियाकडचे आंधळे साप टायफ्लॉप्सपासून वेगळे काढले. १८४३ मधलं रॅम्फोटायफ्लॉप्स हे नाव पुन्हा वापरात आलं आणि कालांतराने वाळाही त्याच नावाखाली नोंदला जाऊ लागला. पण मुख्य कसोटी नराची, आणि वाळ्यात नर सापडतच नव्हते! १९७४ मध्ये मॅकडॉवेल यांनी सुचवलं की ही जात केवळ माद्यांची असावी. १९८० मध्ये नुसबाउम यांनी सेशेल्स बेटांवरच्या वाळ्यांवरून त्याला आणखी आधार दिला. १९८७ मध्ये वाळ्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असल्याचं प्रसिद्ध झालं. नराशिवाय पिल्लं होतात, म्हणून कुंडीच्या मातीतून गेलेली एकच मादी नव्या देशात वस्ती करू शकते. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर हा साप पोचला तो असा.

मग जनुकांची पाळी आली. २०१४ मध्ये हेजेस आणि सहकाऱ्यांनी रेणवीय पुराव्याच्या आधारे या गटाची नवी मांडणी केली आणि वाळा इंडोटायफ्लॉप्स या नव्या वंशात ठेवला. नावात भारत आला याचा मला आनंद आहे. २०२० मध्ये वॅलाक यांनी या एकट्या जातीसाठी व्हर्गोटायफ्लॉप्स हा वंश सुचवला. व्हर्गो म्हणजे कुमारी. नाव देखणं आहे, पण मला ते पटत नाही. नर नसणं ही एका जातीची खूण झाली, तेवढ्यावर वेगळा वंश कशाला? अनेक अभ्यासक आजही इंडोटायफ्लॉप्सच लिहितात.

वंशाचा वाद चालू राहो, ओळख मात्र भिंगाने जमते. अंगावर गांडुळासारखी वलयं नाहीत, खवले आहेत; जीभ लपलपते; शेपटीच्या टोकाला बारीक काटा. अंगाभोवती खवल्यांच्या २० ओळी, डोक्यापासून शेपटीपर्यंत तेवढ्याच. नाकपुडीपासून निघणारी शिवण डोळ्यापुढच्या खवल्याला मिळते. चोचीसारखं तोंड आणि दोन फुटांच्या आसपास लांबी असेल, तर तो चंचुवाळा. त्याचा वंश ग्रायपोटायफ्लॉप्स. या वंशात तो एकटाच, आणि भारतातच सापडणारा.

नागाचं पिल्लू समजून पुष्कळ वाळे चपलेखाली जातात. यंदा कुंडी उपसताना एखादा हाती लागला, तर पांढऱ्या ताटलीत घ्या, भिंग धरा, ओळी मोजा, फोटो काढा आणि त्याच ओल्या मातीत सोडून द्या.