नागरिकशास्त्र : माहिती वाढते, मत बदलते का?

राज्यघटना शिकविताना एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते : विद्यार्थ्याला हक्कांची माहिती झाली की इतरांच्या हक्कांविषयीचा आदरही त्याच्या मनात आपोआप निर्माण होतो. राज्यशास्त्रातील संशोधनाने हे गृहीत तपासून पाहिले आहे. त्याचे निष्कर्ष अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगे आहेत.

केनेथ लँग्टन आणि केंट जेनिंग्स यांचा या विषयावरील मूलभूत अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ९७ माध्यमिक शाळांतील १,६६९ विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. नागरिकशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा परिणाम गोऱ्या विद्यार्थ्यांवर जवळजवळ दिसला नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर मात्र तो दिसला. गोऱ्या मुलांना बरेचसे आधीच ठाऊक होते, त्यामुळे वर्गात केवळ पुनरुक्ती होत होती, असे अभ्यासकांचे स्पष्टीकरण होते. ज्या घरांत शिक्षणाची परंपरा नवी आहे, तेथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. त्यांना वर्गात मिळणारी माहिती दुसरीकडे मिळेलच असे नाही.

तथापि, माहिती आणि अभिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोनाल्ड ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. अमेरिकेतील ५९ वर्गांतील एक हजाराहून अधिक विद्यार्थी त्यात होते. काही वर्गांची निवड कोणताही पक्षपात न करता, यादृच्छिक पद्धतीने करून त्यांना घटनात्मक हक्कांचा विशेष अभ्यासक्रम शिकविण्यात आला. या विद्यार्थ्यांचे ज्ञान निश्चित वाढले. पण नागरी स्वातंत्र्याला असलेला त्यांचा पाठिंबा वाढला नाही.

मग मत बदलते कशाने? जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थलांतरित आणि पारलिंगी व्यक्तींविषयीची मते तपासली. कार्यकर्त्यांनी अमेरिकेत ७ ठिकाणी ६,८६९ मतदारांशी संवाद साधला. पहिल्या प्रयोगात केवळ युक्तिवाद केला तेथे परिणाम शून्य होता. समोरच्याला दोष न देता त्याचे ऐकून घेतले आणि परस्परांचे अनुभव सांगितले, तेथे प्रतिकूल भावना कमी झाली. हा बदल अल्प होता, परंतु किमान चार महिने टिकला.

वर्गातही असे घडू शकते, हे हरियाणातील प्रयोगाने दाखविले. दिवा धर, तरुण जैन व सीमा जयचंद्रन यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी ३१४ शासकीय शाळा घेतल्या होत्या. त्यांपैकी निवडक शाळांत मुलामुलींनी दोन वर्षांहून अधिक काळ स्त्री-पुरुष समानतेवर चर्चा केली. समानतेला प्रतिकूल असलेल्या मतांपैकी सुमारे १६ टक्के मते बदलली. उपक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही हा परिणाम टिकून होता.

या अभ्यासांचे विषय, वयोगट व देश भिन्न आहेत; त्यांवरून सरसकट नियम काढणे योग्य नव्हे. तरीही एक दिशा स्पष्ट होते. व्याख्यान अनावश्यक नाही, पण ते पुरेसेही नाही. भिन्न धर्माच्या, जातीच्या वा भाषेच्या शेजाऱ्याविषयीचे पूर्वग्रह कलमे पाठ केल्याने जात नाहीत. त्यासाठी तासिकांमध्ये नियमित चर्चेला जागा हवी, आणि न पटणारे मत मांडणाऱ्या विद्यार्थ्यालाही अपमानाची भीती वाटता कामा नये. त्याचबरोबर, घटनेवरील प्रश्नपत्रिकेत मिळालेले गुण हे ज्ञानाचे माप आहे, सहिष्णुतेचे नव्हे, याचे भान मूल्यमापन करताना ठेवणे आवश्यक आहे.