बेरजेत न धरलेला आठवा प्रश्न

10 ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन जवळ आला की सात प्रश्नांची ती लिंक फिरायला लागते. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आली. लोकांनी ती भरली आणि ब्लड प्रेशरचे आकडे सांगावेत तसे आपापले आकडे सांगितले. कुणाचे 6, कुणाचे 9. ज्यांचे 13 आले त्या शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये हळूच विचारलं, ‘म्हणजे मला आजार झालाय का हो?’ त्यांच्या त्या प्रश्नाखातर हा लेख.

ती प्रश्नावली म्हणजे ‘जीएडी-7’. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ती प्रसिद्ध केली. 15 दवाखान्यांतल्या 2740 रुग्णांवर पारखून हे सात प्रश्न निवडलेले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच विचारायचं. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘जवळजवळ रोज’ला 3. बेरीज 10 किंवा जास्त आली, तर नीट तपासणी व्हावी. सर्वसाधारण चिंताविकार असलेल्या 100 जणांपैकी 89 जण या रेषेवर सापडले आणि नसलेल्या 100 पैकी 82 जण बरोबर सुटले. आकडे चांगलेच आहेत. पण आता हजार माणसांची वसाहत धरा आणि त्यांतल्या 50 जणांना हा विकार आहे असं समजा. चाळणीत त्यांतले 45 सापडतील. उरलेल्या 950 पैकी मात्र सुमारे 171 जण हा विकार नसताना त्याच चाळणीत अडकतील. म्हणून काकूंना मी म्हटलं, ‘आजार झालाय असं हा आकडा सांगत नाही. डॉक्टरांशी बोलून घ्या, एवढंच सांगतोय. थायरॉइडही तपासून घ्या, तो वाढला तरी छातीत अशीच धडधड होते.’ आणि रात्री-अपरात्री फारच जीव घाबरा झाला, तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ग्रुपवर फिरवण्यासाठी ही प्रश्नावली नाही. तिची जागा समुपदेशकाच्या खोलीत आहे, आणि तिथे ती एकदाच भरून फाइलला लावायची नसते. ‘मला पेशंटचा चेहरा बघून कळतं, कागद कशाला?’ असं म्हणणारे अनुभवी लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाचा 2005 मधला एक अभ्यास सांगतो. प्रश्नावली वेगळी होती, मुद्दा हाच होता. उपचार घेणाऱ्या 550 जणांपैकी कुणाची तब्येत शेवटी आणखी बिघडेल, हे उपचारकांनाच आधी विचारलं. त्यांनी तीन नावं सांगितली. प्रत्यक्षात 40 जणांची बिघडली, आणि सांगितलेल्या तिघांपैकी एकच त्यांत होता. हा अभ्यास मी वाचला तेव्हा अंगावर काटा आला. समोर बसलेला माणूस खचत चाललाय आणि त्याच्यासाठी जीव तोडून काम करणाऱ्यालाच ते दिसत नाही! इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2008 पासून बोलण्यावर आधारित उपचारांची जी योजना उभी केली, तिच्यात दर भेटीला हे सात प्रश्न विचारतात. चार-पाच भेटी झाल्या तरी आकडा हलत नसेल, तर उपचाराची दिशा बदलायला हवी, हे कागद वेळेत सांगतो. आपल्या किती दवाखान्यांत हे होतं?

आणि हो, भाषा. हे सात प्रश्न मी आईला मराठीत वाचून दाखवले. ‘निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी करणे’ यावर ती थबकली. म्हणाली, ‘अरे, पोरांची काळजी करायची नाही तर आई कशाला म्हणायचं?’ आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. दोन्हींना शब्द एकच, आणि दुसरा अर्थ तर कर्तव्याचा. ‘रोज’वर खूण करणारी बाई त्रास सांगतेय की अभिमान, हे त्या चौकोनातून कळणार नाही. शिवाय आपली चिंता शरीराच्या वाटेने बोलते: पोटात गोळा, हातापायांना मुंग्या, छातीत धाकधूक. जीएडी-7 मध्ये यातलं काहीच नाही. चिंता मोजणाऱ्याच दुसऱ्या एका, बेक यांच्या 21 प्रश्नांच्या यादीत ते भरपूर आहे, पण ती विकत घ्यावी लागते, त्यामुळे फुकटची छोटी यादीच सगळीकडे पोचली. म्हणून मराठी समुपदेशकाने खूण बघून थांबू नये, ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ असं विचारावं.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने हे करून दाखवलंय. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या तिथल्या ‘मानस’ प्रयोगात 24 दवाखान्यांत येणाऱ्यांना आधी 12 प्रश्नांची एक प्रश्नावली दिली गेली. त्यात त्रास दिसला, की प्रशिक्षण दिलेला, पण डॉक्टर नसलेला समुपदेशक त्या माणसाशी बोलायला बसे. 2010 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सरकारी केंद्रांत याचा स्पष्ट फायदा दिसला. कागदाच्या पलीकडे माणूस बसवलेला होता.

आईचे 8 आले. 10 च्या रेषेखाली, म्हणजे आपल्याकडे ‘सौम्य’. इंग्लंडमधली ती योजना मात्र 8 पासूनच दखल घेते. मूळ कागदावर तळाशी आणखी एक प्रश्न असतो. त्याला गुण नाहीत, म्हणून लिंक बनवणारे तो बहुधा गाळतात: या त्रासांमुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी जमवून घेणं किती अवघड झालंय?

तोही मी विचारला. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आषाढीपासून भजनाला गेले नाही रे. तिथे असताना तुझा फोन आला आणि मला ऐकूच आला नाही, तर?’