रक्तदाबाची गोळी आणि मेंदूचा पाट



बेणे, खोडवा, पाचट यांवर आम्ही या पानातून नेहमी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण पाण्याच्या पाळीशी त्याचे नाते आहे.

गेल्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरात, पुंडलिकनगरच्या आमच्या घरी एक वयस्क सभासद ऊस नोंदीच्या कामाने आले. चहा घेताना तब्येत विचारली, तर म्हणाले, "साहेब, बी. पी.च्या गोळीनं डोक्यातलं रगत कमी व्हतंय. उठलं की चक्कर यायची. बारा दिवस झाले, गोळीच सोडली." आम्ही म्हटले, "आबा, आधी मोजून तर बघू." जवळच्या डॉक्टरांनी मोजला. वरचा आकडा 190, खालचा 104!

आबांची शंका अडाणीपणाची नव्हती. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा घेतो. मग दाब उतरवला तर मेंदू कोरडा पडत नाही का?

सहसा नाही. पाटाला पाणी कमी-जास्त झाले तरी दारे धरणारा गडी सरीचे तोंड लहान-मोठे करून पाणी सारखे ठेवतो. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या हेच करतात. दाब वाढला की आवळतात, उतरला की सैल होतात. मात्र वर्षानुवर्षे दाब चढा राहिला तर त्यांच्या भिंती जाड होतात आणि त्यांना चढ्या दाबाचीच सवय लागते. अशा वेळी दाब एकदम खाली आणला तर मेंदूला रक्त कमी पडू शकते. म्हणून डॉक्टर तो सहसा बेताबेताने उतरवतात. काही आठवड्यांत, महिन्यांत वाहिन्या पुन्हा रुळतात.

या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचेही नाव आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधाच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. त्या मुळीचा गुणही सावकाशच येई. आता तिच्या जागी दुसरी औषधे आली आहेत.

अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह नसलेल्या 9,361 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे मुख्य निष्कर्ष 2015 साली आले. वरचा आकडा 120 च्या खाली आणण्याचा प्रयत्न एका गटात, 140 च्या खाली दुसऱ्यात. त्यांतील काहींच्या मेंदूचे एम. आर. आय. काढले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, दाब जास्त उतरवलेल्या गटात मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला नव्हता, उलट थोडा वाढलेला दिसला.

मग आबांना चक्कर का येई? त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी. त्यात उन्हातले काम आणि पाणी पिणे कमी. त्यामुळे उठताक्षणी दाब पडत असे. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण एकीचे प्रमाण बदलले. आता आबा बांधावर हिंडतात.

म्हणून आमची विनंती:

1. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळी मारतो, आणि चढा दाब हेच पक्षाघाताचे मोठे कारण आहे.

2. चक्कर येत असेल तर दाब बसून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

3. अंथरुणावरून उठताना आधी बसावे, मग उभे राहावे.

4. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर घरगुती उपायात वेळ न दवडता 108 ला फोन करावा.

हे पान घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे. ऊस उभा राहील, पण आधी माणूस उभा राहिला पाहिजे.